आधी कोण सावरलं

मनगटावरचा पट्टा माझ्याबद्दल माझ्याआधी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो, हे मला पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. मी तसं तोंडावर सांगितलंही होतं. समुपदेशन केंद्रांवर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अधिकारी पट्टे वाटायला आमच्या केंद्रात आला, तेव्हा मोठ्या प्रेमाने म्हणाला, "मॅडम, हिचं नाव 'सोबत'. ही सोबत आहे, पाळत नव्हे." मी म्हटलं, "लग्न झालंय का हो तुमचं? नाही ना? मग सोबत आणि पाळत यांतला फरक तुम्हाला आत्ताच कळायचा नाही." बिचारा हसला आणि पट्टा बांधून गेला. तेव्हापासून तो माझ्या मनगटावर आहे.

मी शैलजा इंगवले. कोल्हापुरात शाहूपुरीमध्ये आमचं समुपदेशन केंद्र आहे. अपघात, मारहाण, आग, पूर असल्या घावांतून वाचलेली माणसं तिथे येतात, आणि आमच्या मुली-मुलं त्यांचं ऐकतात. माझं काम त्या ऐकणाऱ्यांचं ऐकायचं. याला सुपरव्हिजन म्हणतात. माझ्या बहिणीने एकदा पाहुण्यांना 'ही डॉक्टरांची डॉक्टर' असं सांगून टाकलं, आणि समजावण्याचा कंटाळा आला म्हणून मीही मान डोलावली.

पण काम गरजेचं आहे, ते सांगते. दिवसभर दुसऱ्याच्या जिवावर बेतलेलं ऐकत बसलं की ते ऐकणाऱ्याच्या अंगात उतरतं. कुणाला झोप लागेनाशी होते, कुणी दगड होऊन बसतं, कुणी घरी जाऊन नवऱ्यावर ओरडतं. म्हणून दर गुरुवारी प्रत्येकाने माझ्यासमोर बसायचं आणि कुठे अडलं, कुठे गळा दाटला, कुठे पेशंटचा राग आला, ते सांगायचं. मी ऐकते, विचारते आणि रागावतेही. रागावू नये असं पुस्तकात लिहिलंय. पुस्तकाला कोल्हापूर माहीत नाही.

आता या सोबतचं. दोन माणसं समोरासमोर बसून मनापासून बोलायला लागली की त्यांची शरीरं हळूहळू एका तालात येतात. श्वास जवळजवळ एका लयीत चालतो, नाडीची गती बरोबर वर-खाली होते, तळहाताचा घामसुद्धा साधारण एकाच वेळी सुटतो. भजनाला बसलेल्यांचे टाळ आपोआप जुळतात, तसंच काहीसं. हे पूर्वीपासून ठाऊक होतं. नवा शोध पुढचा. या जुळण्यात कोण पुढे असतं आणि कोण मागून येतं, हे काही क्षणांच्या फरकावरून ओळखता येतं. दोघांच्या मनगटावर पट्टा असला की सोबतला ते दिसतं. उपचार ठीक चालले असतील तर घाबरलेला असतो तो पेशंट, आणि आधी शांत होतो तो समुपदेशक. त्याच्या मागोमाग पेशंटचं शरीर शांत होतं. लहान पोराला कडेवर घेतलं की आईचा श्वास त्याला लागतो, त्यातलाच प्रकार.

आणि कधी हा क्रम उलटा झाला, म्हणजे पेशंट आधी सावरायला लागला आणि समुपदेशक त्याच्या मागून, तर सोबत लाल रेघ दाखवते. कारणही चुकीचं नाही. मार खाल्लेली, हादरलेली माणसं समोरच्याचा चेहरा वाचत जगायला शिकतात. मग ती उपचाराला येतात आणि इथेही समोरच्यालाच सांभाळत बसतात. स्वतःचं दुखणं तसंच राहतं. लाल रेघ वारंवार आली की मंडळाच्या नियमानुसार तो पेशंट दुसऱ्याकडे द्यायचा. नाही द्यायचा, तर सुपरव्हायजरने ठरलेल्या मुदतीत कारण सांगून जबाबदारी आपल्या अंगावर घ्यायची.

तर त्या गुरुवारी लाल रेघ आली यामिनीच्या नावापुढे.

यामिनी कुरणे आमच्याकडची सगळ्यात गुणी पोरगी. कागलची. बोलते कमी, ऐकते फार छान. आत आली ती पर्स न ठेवताच म्हणाली, "ताई, सोबत काय म्हणतेय ते बघितलं?"

"बघितलं. म्हणून तर चहा आधी मागवलाय. बस."

"बाळासोकाकांची केस काढून घेणार?"

"तू आधी बस तरी."

बाळासो चौगुले हे चांदकडा रोपवेवर ऑपरेटर होते. गेल्या वर्षी डोंगरावर एकाएकी वारं उठलं, आणि नियमाप्रमाणे त्यांनी रोपवे थांबवला. केबिनी दरीवर लटकत राहिल्या. वारा पडल्यावर सगळी माणसं सुखरूप उतरली, फक्त एका केबिनीत एकटे असलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले नाहीत. त्यांच्या छातीत कळ आली होती. चौकशी झाली आणि बाळासोंनी केलं ते बरोबर केलं, असा निर्वाळा मिळाला. त्यानंतर बाळासो पुन्हा कामावर गेलेच नाहीत. घरातही कुणाशी बोलेनासे झाले.

"दोन ठिकाणांहून परत आलेत ते," यामिनी म्हणाली. "पहिल्या सरांची बदली झाली, दुसऱ्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. माझ्याकडे आले तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाले, 'आता परत कुणाच्या हवाली केलासा तर मी घरातच बसणार.' आणि ताई, ते तसं करतील. मग ते पुन्हा कुणाशीच बोलणार नाहीत."

"हे मला कळतंय गं. पण रेघ खोटी आहे का?"

तिने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "नाही. खोटी नाही. ते त्या केबिनीतल्या माणसाशी फोनवर बोलत होते, तिथपर्यंत सांगतात. म्हाताऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं, तिथे आलं की मला कसंतरी होतं. आणि नेमके तेव्हाच ते शांत होतात. विषय बदलतात. बायकोने केलेल्या कालवणावर जातात. मग माझा श्वास जागेवर येतो."

"म्हणजे ते तुला सांभाळतायत."

"असेल."

"मग तुझं म्हणणं काय? केस ठेवायची की द्यायची?"

"तुम्ही सांगाल तसं."

या वाक्याचा मला मनस्वी राग येतो. अर्धा तास आम्ही दोघी वाद घालत बसलो. द्यावी, तर माणूस हातचा जाणार. ठेवावी, तर माणूस तिलाच जपत राहणार आणि त्याच्या मनातलं मनातच राहणार. सोमवारी संध्याकाळपर्यंत मला निर्णय कळवायचा होता. चहा निवून गेला तरी आमचं ठरेना.

शेवटी मला एक युक्ती सुचली, आणि तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश झाले. यामिनीला म्हटलं, "शनिवारी ते येतील तेव्हा असं कर. श्वास लांब सोडायचा, हात मांडीवर ठेवायचे. छातीच्या दुखण्यापाशी आले की त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, कपाळाकडे बघायचं. आपण सगळे शिकलोय हे. एकदा सोबतने रेघ हिरवी दाखवली की मुदत वाढवून घेता येईल. पुढचं पुढे."

"हे चालेल?"

"न चालायला काय झालं? शांत राहणं हे तुझं कामच आहे."

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. मी भाजी निवडत होते.

"ताई, रेघ हिरवीगार आलीय."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"आणि काका उठून गेले."

"गेले म्हणजे?"

"अर्ध्यातूनच. चपला घालताना म्हणाले, 'आज तुमी हितं न्हवता, मॅडम. बँकेतल्या बाईगत बसला हुता.' मी आत्ता फोन केला तर त्यांच्या बायकोने, मावशींनी, घेतला. म्हणाल्या, ते परत येणार न्हाईत म्हणतात." मग तिला रडू फुटलं. "मी ऐकतच नव्हते हो ताई. मी नुसती श्वास सोडत होते."

मी हातातली मेथी तशीच टाकली. पहिला राग पट्ट्यावर निघाला. वाटलं, उचलावा आणि पंचगंगेत फेकून द्यावा. पण पट्ट्याने काय केलं होतं? कपाळाकडे बघ असं पट्ट्याने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. यंत्राला बरं वाटावं म्हणून एका माणसाला आम्ही दाराबाहेर घालवलं होतं, आणि तेही मोठ्या शास्त्रशुद्ध पद्धतीने.

"रडू नकोस," मी म्हटलं. "काय करता येईल ते बघू."

"त्यांना काय सांगायचं ते आधी ठरवूया," ती नाक ओढत म्हणाली. "तुम्ही म्हणाल तर दुसरीकडे देतोय असं सांगते. किंवा थोडे दिवस थांबा म्हणते. काय सांगू?"

"सांगायचं..." मी म्हणाले, आणि तिथेच अडखळले. "यामिनी, आपण त्यांना विचारलं का गं?"

"काय?"

"कुणाकडे राहायचं, ते. रेघ लाल येतेय, ते. यातलं काहीतरी आपण त्यांना सांगितलंय, विचारलंय का?"



"नाही," ती म्हणाली.

कप्पाळ माझं! आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. आघात म्हणजे काय, तर माणसाला न विचारता त्याच्यावर काहीतरी कोसळलेलं असतं. म्हणून इथे आल्यावर त्याला न विचारता काहीही करायचं नाही. खुर्ची कुठे हवी, दार उघडं की बंद, पंखा मोठा की लहान, सगळं विचारायचं. हे मी किती मुलांना शिकवलं असेल! आणि त्याच माणसाला कुणाच्या हाती सोपवायचं, यावर मी, यामिनी आणि मनगटावरची ती चुगलखोर बया, अशा तिघींनी खल केला होता. त्याच्याच भल्यासाठी, त्यालाच वगळून.

"आत्ताच्या आत्ता फोन कर," मी म्हटलं. "सगळं सांग. रेघ, नियम, सोमवारची मुदत. आणि श्वासाची युक्ती माझी होती, तेही सांग. काही लपवू नकोस. मग विचार."

"ते फोनवर आलेच नाहीत तर?"

"मावशींना म्हण, माफी मागायला केलाय. मग येतील."

आले. यामिनीने सगळं सांगितलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी ते मधे न बोलता ऐकून घेतलं. मग बाळासो म्हणाले, "म्हंजे बँकेतली बाई मुद्दाम केली हुती व्हय?" आणि हसले. ते हसलेले तिने पहिल्यांदाच ऐकले. सोमवारी यायला तयार झाले. सुपरव्हायजर बाई समोर बसल्या तर चालेल का, हेही तिने विचारलं. एरवी आम्ही सुपरव्हायजर पेशंटच्या समोर कधी जात नाही, पण पेशंट हो म्हणाला तर तिसरी खुर्ची टाकता येते. बाळासो म्हणाले, "येऊ द्यात की. मोठ्या मॅडमना बी बगू."

सोमवारी दुपारी ते आले. बारीक अंगाचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा. बायको दारापर्यंत सोडायला आली होती. "एकट्याला सोडत न्हाई मी हल्ली," असं मला सांगून ती वर्गात पोचवलेल्या पोराकडे बघावं तशी दोनदा मागे वळून बघत गेली.

यामिनीने खुर्च्या कशा हव्यात ते विचारलं. बाळासोंनी स्वतःची खुर्ची खिडकीजवळ ओढली. आम्हा दोघींच्या मनगटावर पट्टे होते. त्यांच्यापुढे पट्टा धरून यामिनी म्हणाली, "काका, हा आज बांधायचा की नाही, ते तुम्ही सांगा."

"बांधा. आज ती काय सांगती ते कळू द्या की."

मग मी मुद्द्याला हात घातला. मला आडून बोलता येत नाही. "बाळासो, मशीन म्हणतंय की तुम्ही यामिनीला सांभाळता. ती घाबरली की तुम्ही विषय बदलता. खरं आहे का?"

"हाय की खरं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मॅडमचा हात गळ्यापाशी जातोय," ते म्हणाले. यामिनीचा हात आत्ताही तिथेच होता. तिने तो पटकन खाली घेतला. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. हात गेला की मला कळतंय, पोरगी भरली. मंग मी जरा वळसा घालतो. कालवणाचं काढतो. ती सावरती. तेच्यात चुकीचं काय?"

"तुम्हाला त्याचं ओझं नाही होत?"

"वझं?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मोठ्या मॅडम, घरात मला पाण्याचा तांब्या कोण उचलू देत न्हाई. बायको गॅस लावू देत न्हाई, पोरगं गाडीची किल्ली लपवतंय. सगळी लई चांगली वागत्यात. इतकी चांगली की कवा कवा वाटतंय, आपुनच मेलोय आन ही मयताला आलीयात. हितं एवढं एक काम हुतं मला. ह्या पोरीला जपायचं."

यावर माझ्याकडे एक शास्त्रीय वाक्य तयार होतं. ते मी गिळलं. आणि बरं झालं, कारण ते थांबले नव्हते.

"पर एक हाय," ते म्हणाले. "तेच्यामुळं शेवटचं ऱ्हायलंय. शेवटचं मी कुणालाच सांगितलं न्हाई."

म्हणजे सोबतचं अर्धं बरोबर होतं. मला ते मान्य करावं लागलं, आणि त्याचाही राग आला.

यामिनी खुर्चीत पुढे सरकली. शनिवारच्या बँकेतल्या बाईचा मागमूसही नव्हता. डोळे पाणावले होते आणि ते सरळ बाळासोंवर होते. "काका, माझा हात गळ्याशी जाणार. यापुढेही जाणार. मला भीती वाटते, वाईट वाटतं, सगळं होतं. पण तेवढ्याने मी मोडत नाही. दर गुरुवारी मी या ताईंकडे येते ती त्यासाठीच. तुमचं ऐकून मला जे होतं, ते मी यांच्यासमोर ठेवते. या मला धरतात."

बाळासोंनी माझ्याकडे बघितलं. "आन ह्यास्नी कोन धरतंय?"

"मिरजेला एक बाई आहेत," मी म्हटलं. "माझ्याहून खडूस."

"असत्यात व्हय, तुमच्याहून?"

यामिनी फिसकन हसली. मीही हसले. खोलीतली हवा जरा सैल झाली.

"तर आता तुम्ही सांगा," मी म्हटलं. "यामिनीकडेच राहायचं, की दुसऱ्या कुणाकडे जायचं? की कुणाकडेच नको? तुम्ही सांगाल त्याच्या पाठीशी मी उभी राहीन."

"हिच्याकडंच," ते म्हणाले. त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"मग एक ठरवू," यामिनी म्हणाली. "मला झेपलं नाही तर मी तसं तोंडाने म्हणेन. तुम्हाला झेपलं नाही तर तुम्ही म्हणा. पण न विचारता वळसा घालायचा नाही. दोघांनीही. मी पण नाही घालणार."

"बरं," बाळासो म्हणाले. मग खिडकीकडे वळले. "कवा कुणी असं इचारलं न्हाई बगा मला. त्या दिवशी सायेब, पोलीस, वरची माणसं, सगळी फोनवर फोन करत हुती. वारा किती, केबिनी किती, लाइट हाय का. बाळासो, तुला झेपतंय का, असं कोन म्हटलं न्हाई." त्यांनी ओठ आवळले. "न्हाई... एकानं इचारलं हुतं."

"कुणी?" यामिनीने विचारलं.

"तेनंच. केबिनीतल्या बाबानं. सकाळधरनं आमी बोलत हुतो. तेनं माझं नाव इचारून घेतलं हुतं. पोरगं पुण्याला, सून चांगली, दाढ दुखती, सगळं सांगितलं. मंग म्हणाला, छातीत कळ याय लागलीया. मी खाली कळवलं. बचावाची माणसं निघाली हुती. पर वारं काय पडंना. रोपवे चालू करावा तर बाकीच्या केबिनी आपटत्यात. मी नुसता कानाला फोन लावून बसलोय. करता काहीच येईना. आन बाबा म्हणतोय, 'बाळासो, सकाळधरनं बसलाय न्हवं तुमी? काय खाल्लंसा का?'"

त्यांचा आवाज फाटला. यामिनीचा हात गळ्याशी गेला. त्यांनी तो बघितला आणि थांबले.

"काका, मी आहे," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं आणि आवाज हलत होता. "मला झेपतंय. तुम्हाला?"

"व्हय," ते म्हणाले. "मी म्हटलं, 'लाइन मोकळी ठेवा.' नियम हाय तसा. बचाववाल्यांचा फोन येतो म्हणून लाइन मोकळी ठेवायची. बाबा म्हणाला, 'बरं बाबा.' परत आवाज आला न्हाई. जीव जाताना माणूस मला जेवलास का इचारतोय, आन मी तेला म्हणतोय, लाइन मोकळी ठेवा. सगळी म्हणत्यात, बाळासो, तुझी चूक न्हाई. मला ठावं हाय चूक न्हाई. पर मी तेला उत्तर द्यायला पायजे हुतं का न्हाई?"

कुणी 'तुमची चूक नाही' म्हणालं नाही. यामिनी म्हणाली, "द्यायचं राहून गेलं."

"ऱ्हाऊन गेलं," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडले. माणूस एवढं रडतो आणि खोलीला त्याचा भार वाटत नाही, असं क्वचित होतं. मीही रडले. माझं वय झालंय, मला लाज वाटत नाही. कपाळाकडे कुणीही बघत नव्हतं. त्या दुपारच्या रेघा मी नंतर बघितल्या. तिघांच्याही एकदम वर गेल्या होत्या आणि एकदम खाली आल्या होत्या. आधी कोण सावरलं, हे सोबतला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

बाळासोंनी रुमालाने तोंड पुसलं. यामिनीने विचारलं, "मग, खाल्लं होतं का त्या दिवशी?"

"न्हाई. डबा तसाच घरी नेला."

"आणि आज?"

ते जरा लाजले. पिशवीकडे बघून म्हणाले, "हितं यायचं म्हटलं की घशाखाली उतरत न्हाई. म्हणून बायको संगं देती. मी तसाच परत नेतो. ती बोलत न्हाई काय, पर वाईट वाटतंय तिला."

आता, पेशंटचं काही खायचं नाही हा आमच्याकडचा कडक नियम. एका पेढ्यावरून मी मुलींना फैलावर घेतलेलं आहे. यामिनीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उघडा डबा. तुम्हाला वाढायचं असेल तर आम्हाला चालेल, नसेल तर तुम्ही एकटे जेवा."

त्यांनी डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. त्यांनी भाकरी मोडली. चटणी देताना बरीचशी टेबलावर सांडली. यामिनीने मदतीला हात पुढे केला नाही, मीही नाही. त्यांनी आधी तिला चतकोर दिला, मग मला, मग स्वतः पहिला घास घेतला आणि तो नीट चावून खाल्ला. वांगं फक्कड झालं होतं. मी तसं सांगितलं. "बायकोला सांगतो," ते म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.

तेवढ्यात माझ्या मनगटावर टिकटिक झाली. मुदत संपत आली होती. सोबत तिच्या त्या गोड आवाजात म्हणाली, "निर्णय कळवावा."

"केस यामिनी कुरणे यांच्याकडेच राहील," मी तोंडातला घास सांभाळत म्हटलं. "जबाबदारी माझी."

"कारण सांगावे."

"रुग्णाला विचारलं."

सोबत म्हणाली, "हे कारण यादीत उपलब्ध नाही. कृपया दुसरे कारण निवडा."

बाळासोंनी हातातली भाकरी थांबवली. "काय म्हणती वं ती?"

"म्हणते, असं आजवर कुणी केलेलं नाही."

"मंग आता केलंय म्हणून सांगा की तिला," ते म्हणाले आणि माझ्या हातावर आणखी एक चतकोर ठेवला. "आन तुमी जेवा."